विजेचे बिल कोणी भरावयाचे?



शिक्षकांच्या या अधिवेशनाच्या अध्यक्षपदाचा मान आपण मला दिलात याबद्दल मी आपला मनःपूर्वक ऋणी आहे. माझ्यापूर्वी या आसनावरून बोलून गेलेल्या ज्येष्ठांची विद्वत्ता माझ्यापाशी नाही. आहे तो डोंगरपट्टीतील शाळांत घालविलेल्या दीर्घ सेवेचा अनुभव. 

कार्यकारी मंडळाने मला ‘शाळांतील डिजिटल दरी’ हा विषय दिला आहे, आणि अध्यक्षाने अशा विषयाचा साद्यंत आढावा घेऊन पुढील वर्षाच्या कार्याची दिशा दाखवावी असा आपला प्रघात आहे. त्या प्रघाताचा मान राखून मी आढाव्यास आरंभ करतो. परंतु एक गोष्ट सांगण्यासाठी मी फार वर्षे थांबलो आहे. केंद्राच्या शिक्षण परिषदांत, तालुक्याच्या आढावा बैठकांत, प्रशिक्षणाच्या वर्गांत ती सांगावयास उभा राहिलो तेव्हा प्रत्येक वेळी ‘हा मुद्दा कार्यक्रमपत्रिकेवर नाही’ या उत्तराने मला खाली बसविण्यात आले, आणि आज ती सांगितल्यावाचून मी या आसनावरून उठणार नाही.

१९८४ साली केंद्र सरकारने निवडक शाळांत संगणक साक्षरतेचा पहिला प्रकल्प सुरू केला आणि ‘बीबीसी मायक्रो’ नावाचे संगणक त्या शाळांत येऊन पोचले. त्याच साली पुण्यास ‘बालचित्रवाणी’ ही संस्था स्थापन झाली आणि मराठी मुलांसाठी शैक्षणिक चित्रफिती तयार होऊ लागल्या. १९८७ साली खडू-फळा योजना आली. २००४ च्या सप्टेंबरात केवळ शिक्षणासाठी घडविलेला ‘एज्युसॅट’ उपग्रह अवकाशात गेला आणि त्याच वर्षाच्या डिसेंबरात माध्यमिक शाळांना संगणक कक्ष देण्याची केंद्रीय योजना जाहीर झाली. २००७ साली, ‘प्रत्येक मुलास एक लॅपटॉप’ या जगभर गाजलेल्या चळवळीने भारतातील आपला पहिला प्रयोग आपल्याच रायगड जिल्ह्यात, कर्जत तालुक्यातील खैराट येथील एकशिक्षकी शाळेत केला. २०१५ साली ‘प्रगत शैक्षणिक महाराष्ट्र’ कार्यक्रम निघाला आणि त्याच सुमारास शहापूर तालुक्यातील पाष्टेपाड्याच्या शाळेचा आदर्श पुढे ठेवून गावोगाव लोकवर्गणीतून डिजिटल शाळा उभ्या राहू लागल्या. २०१७ साली ‘दीक्षा’ हे व्यासपीठ आले, बालभारतीच्या पुस्तकांवर क्यूआर कोड छापले गेले, आणि सोलापूर जिल्ह्यातील परितेवाडीच्या रणजितसिंह डिसले गुरुजींना २०२० साली जागतिक शिक्षक पुरस्कार मिळाला तेव्हा आपणा सर्वांची मान अभिमानाने उंचावली.

यातील प्रत्येक प्रयत्नामागे सदिच्छा होती, बुद्धी होती, आणि पुष्कळ ठिकाणी प्रत्यक्ष फलही होते. तथापि चाळीस वर्षांच्या या इतिहासाकडे मी जेव्हा शाळेच्या जडवस्तू संग्रह नोंदवहीतून पाहतो, तेव्हा मला दिसते ते असे की, प्रत्येक योजनेने शाळेला एक वस्तू दिली, त्या वस्तूची नोंद झाली, छायाचित्र निघाले, उपयोगिता प्रमाणपत्र वर गेले. आणि ती वस्तू दुसऱ्या वर्षी, तिसऱ्या वर्षी, दहाव्या वर्षी चालती ठेवावयास जो खर्च येतो तो कोणत्या लेखाशीर्षाखाली टाकावयाचा याचा निर्णय मात्र कोणीही केला नाही. अनावर्ती खर्चास मंजुरी मिळते, आवर्ती खर्चास मिळत नाही. बैल घेऊन द्यावयाचा आणि वैरणीची तजवीज करावयाची नाही, असा हा व्यवहार आहे. डिजिटल दरीसंबंधी मला जे सांगावयाचे आहे ते एवढेच आहे आणि बाकीचे सर्व भाषण हा त्याचा विस्तार आहे.

ज्या शाळेत मी मुख्याध्यापक होतो तेथे एका वर्षी संगणक आला. गावातून मिरवणूक निघाली, सरपंचांनी नारळ वाढविला, मुलांनी लेझीम खेळले. संगणकासाठी वीजजोडणी झाली, मीटर बसला, आणि काही महिन्यांनी पहिले बिल आले. शाळेचे सादिल अनुदान त्या वर्षी अद्याप जमा व्हावयाचे होते. ग्रामपंचायतीने एकदा भरले आणि पुढे आपलीच पाणीपट्टीची वसुली थकल्याचे सांगून हात आखडता घेतला. मग आम्ही शिक्षकांनी आपापसात वर्गणी काढली. मे महिन्यात शाळा बंद असताना स्थिर आकार लागतच राहिला. पुढे बदलीने दोघे शिक्षक गेले, नवे आले, त्यांच्या माथी आमची थकबाकी मारणे मला प्रशस्त वाटेना, आणि एके दिवशी वायरमन येऊन जोडणी तोडून गेला. त्यानंतरच्या तपासणीत शेरेबुकात शेरा पडला: ‘संगणकाचा वापर होत नाही, मुख्याध्यापकांनी खुलासा करावा.’ वीज नाही असा खुलासा मी केला. त्यावर उत्तर आले की पर्यायी व्यवस्था करावी. कोणती पर्यायी व्यवस्था, हे आजतागायत मला कोणीही सांगितलेले नाही. तो संगणक पुढे बिघडला. दुरुस्तीस पैसा नव्हता, आणि निर्लेखनाचा प्रस्ताव वर जाऊन पडून राहिल्यामुळे टाकूनही देता येत नव्हता. मागाहून आलेल्या मुलांनी तो कपाटाशेजारी कापडाखाली झाकलेलाच पाहिला.

हे एकट्या माझ्या शाळेचे गाऱ्हाणे असते तर या व्यासपीठावरून ते मी मांडले नसते. या सभागृहात बसलेल्यांपैकी ज्यांनी शाळेचे वीजबिल स्वतःच्या पगारातून कधीही भरलेले नाही अशांनी हात वर करावेत असे मी म्हटले, तर किती हात वर होतील हे आपण जाणता.

आता कायद्याकडे पाहू. बालकांचा मोफत व सक्तीच्या शिक्षणाचा हक्क अधिनियम २००९ साली संमत झाला आणि १ एप्रिल २०१० पासून अमलात आला. त्याच्या अनुसूचीत शाळेस काय काय असावे याची यादी आहे: प्रत्येक शिक्षकास एक वर्गखोली, मुलामुलींसाठी स्वतंत्र स्वच्छतागृहे, पिण्याचे पाणी, आहार शिजविण्यास स्वयंपाकघर, क्रीडांगण, संरक्षक भिंत, ग्रंथालय, खेळाचे साहित्य. ती यादी मी पुनःपुन्हा वाचली आहे. तीत वीज नाही. ज्या देशाने प्रत्येक मुलाच्या हाती ज्ञानाचे नवे साधन देण्याच्या घोषणा केल्या त्या देशाच्या शिक्षण हक्काच्या कायद्याने शाळेत दिवा असावा असेही म्हटलेले नाही.

अनुदानाचा हिशेब याहून निराळा नाही. ‘समग्र शिक्षा’ योजनेखाली ज्या शाळेचा पट ३० पर्यंत आहे तिला वर्षाला १०,००० रुपये संयुक्त अनुदान मिळते. पट १०० पर्यंत असेल तर २५,०००. या रकमेतून खडू, नोंदवह्या, किरकोळ दुरुस्ती, नादुरुस्त साहित्याची बदली, पाणी, वीज आणि इंटरनेट हे सर्व भागवावे, आणि त्यातील दहावा हिस्सा स्वच्छतेसाठी राखावा, असा नियम आहे. लहान शाळेच्या वाट्यास महिन्याला येतात ८३३ रुपये. ही रक्कम वर्षाच्या आरंभी हाती पडेल याचाही भरवसा नसतो. आणि ३० च्या आत पट असलेल्या शाळा कोठे असतात? पाड्यांवर, वस्त्यांवर, धरणाच्या पलीकडच्या काठावर. म्हणजे दरीच्या ज्या बाजूची आपण सर्वजण चिंता वाहतो नेमक्या त्याच बाजूस. मोठ्या पटाच्या शाळेला मोठे अनुदान हे तत्त्व खडूपुरते ठीक आहे, परंतु दहा मुलांच्या खोलीतील पंखा आणि पडदा साठ मुलांच्या खोलीइतकीच वीज खातात.

वस्तू वर्षभर चालती राहते की नाही हे आकडेवारी सांगत नाही, म्हणून तिच्यावर माझा आक्षेप आहे. २०२३–२४ च्या यू-डायस अहवालात देशातील ५७.२ टक्के शाळांत चालू स्थितीतील संगणक आणि ५३.९ टक्के शाळांत इंटरनेट असल्याचे म्हटले आहे. हे आकडेही पुरेसे लाजिरवाणे आहेत. तथापि ते एका दिवसाची स्थिती सांगतात, आणि ज्या मुलाला इयत्ता पहिली ते चौथी त्या खोलीत काढावयाची आहेत त्याला एका दिवसाचा उपयोग नसतो. आषाढात पेठ-सुरगाण्याकडे पाऊस लागला म्हणजे वीज गेली की ती केव्हा परत येईल हे कोणी सांगू शकत नाही. तेथे मी नोकरी केली आहे, मला ठाऊक आहे.

आपल्या परिसंवादांतून काही वाद गेली कित्येक वर्षे चालू आहेत, त्यांविषयी माझे मत मी येथेच देतो. पहिला वाद असा की, मुलांच्या हाती यंत्र दिले म्हणजे ती आपली आपण शिकतात, शिक्षकाची आवश्यकता उरत नाही. १९९९ साली दिल्लीच्या कालकाजी भागात प्राध्यापक सुगत मित्रा यांनी भिंतीत संगणक बसवून जो प्रयोग केला त्याचा आधार या मतास दिला जातो. मुले यंत्र चालविण्यास आपली आपण शिकतात हे मी शंभर वेळा पाहिले आहे आणि त्याचे मला कौतुक आहे. परंतु आमच्या पाड्यावरील मुलांची घरची बोली कोकणा. चित्रफितीतील बाई बोले ती पुस्तकी मराठी. मुले टॅब झरझर चालवीत, चित्रे पाहत, हसत, आणि गोष्टीत काय झाले असे विचारले की गप्प होत. आमच्या एका तरुण शिक्षिकेने चित्रफीत मध्येच थांबवावयाची, दोन वाक्ये कोकणा बोलीत सांगावयाची आणि पुन्हा सुरू करावयाची असा शिरस्ता घातला, तेव्हा दिवाळीपर्यंत तीच मुले ती गोष्ट मराठीत सांगू लागली. माझ्यापुरता तो वाद त्या वर्गात संपला.

दुसरा वाद मोबाइलचा. २०२० साली शाळा बंद पडल्या आणि घराघरांतील फोनवर शिक्षण चालेल असे सांगण्यात आले. ग्रामीण भारतात स्मार्टफोन असलेल्या घरांतील मुलांचे प्रमाण २०१८ मधील ३६.५ टक्क्यांवरून ६१.८ टक्क्यांवर गेल्याचे ‘असर’च्या त्या वर्षीच्या पाहणीत आढळले, आणि पुष्कळांना वाटले की दरी भरत आली. आमच्याकडची कुटुंबे ऑक्टोबर छाटणीला दिंडोरी-निफाडच्या द्राक्षबागांवर जातात. घरात फोन एक, आणि तो बापाच्या खिशात; कारण मुकादमाचा निरोप त्यावर यावयाचा असतो. पाहणीच्या कागदावर त्या घरी फोन आहे. आजीपाशी राहिलेल्या मुलाच्या दृष्टीने तो साठ-सत्तर मैलांवर आहे. त्या वर्षी आमच्या शिक्षकांनी पाड्यापाड्यावर जाऊन झाडाखाली अंतर राखून शिकविले. सह्याद्री वाहिनीवरील ‘टिलीमिली’ मालिकेने ज्यांच्या घरी दूरदर्शन संच होता त्यांना चांगला हात दिला हेही मी कृतज्ञतेने नमूद करतो.

तिसरा वाद अधिक नाजूक आहे, कारण तो आपल्या अभिमानाच्या विषयासंबंधी आहे. लोकसहभागातून आपण डिजिटल शाळा उभ्या केल्या. शिक्षकांनी दारोदार फिरून, प्रसंगी स्वतःची बचत घालून प्रक्षेपक आणि संच आणले. या कार्यापुढे मी नतमस्तक आहे. परंतु लोकवर्गणीने दरी सांधते असे जे प्रतिपादन केले जाते त्यास माझा ठाम विरोध आहे. ज्या गावात ऊस आहे, द्राक्ष आहे, पुण्या-मुंबईस गेलेली मंडळी आहेत, त्या गावची वर्गणी एका ग्रामसभेत जमते. ज्या गावचे पुरुष सहा महिने परगावी मजुरीस असतात तेथे कोणाच्या दारी जावयाचे? केंद्रप्रमुख या नात्याने मी एकाच मार्गावरील दोन शाळा पाहत असे. खालच्या गावी प्रत्येक वर्गात पडदा होता, वरच्या पाड्यावर मीटरची रिकामी पेटी होती. दोन्हीकडचे शिक्षक सारखेच कष्टाळू होते. लोकवर्गणी ही दरी पाडणारी गोष्टही होऊ शकते, आणि शासनाने तिचा गौरव करता करता आपली जबाबदारी तिच्यावर ढकलली आहे, हे आपण शिक्षकांनी तरी स्पष्ट बोलले पाहिजे.

सौरऊर्जेने हा प्रश्न मिटेल असे कोणी म्हणतात. मिटला तर मला आनंदच आहे. परंतु तक्ते छपरावर टिकतात, खालच्या बॅटऱ्या काही वर्षांत बदलाव्या लागतात, आणि त्या बदलण्याचे पैसे कोणत्या लेखाशीर्षातून यावयाचे या ठिकाणी आपण पुन्हा येऊन पोचतो.

इंटरनेटविषयी एक उल्लेख करून पुढे जातो. शाळेस जोडणी नाही, तरी शाळेची सर्व माहिती दररोज वर जाते: पोषण आहाराची, उपस्थितीची, यू-डायसची. ती जाते कशावरून? शिक्षकाच्या स्वतःच्या फोनवरून, त्याने स्वतः भरलेल्या रिचार्जवर, आणि पुष्कळदा टेकडीवर उभे राहून. कार्यालयाच्या गरजेपुरती ही दरी केव्हाच सांधली गेली आहे. त्याच वाटेने मुलाकडे काही यावयाचे असेल तर मात्र निधी नसतो. २०१९ साली केरळच्या उच्च न्यायालयाने इंटरनेट मिळविण्याचा हक्क हा शिक्षणाच्या हक्काचा भाग मानला आहे, याची आठवण आपल्या निवेदनांतून आपण का देऊ नये हे मला समजत नाही.

आवर्ती खर्चाची कल्पना आपल्या लोकांना नवी आहे असे नाही. बडोद्यास सयाजीराव महाराजांनी १९१० पासून ग्रंथालयांचे खाते उघडले, अमेरिकेहून बॉर्डन नावाच्या तज्ज्ञास बोलाविले, आणि खेड्यापाड्यांत पुस्तकांच्या पेट्या फिरू लागल्या. त्या व्यवस्थेचे मर्म पेट्यांत नव्हते. गावाने दरसाल ठरावीक वर्गणी जमवावी, तितकीच रक्कम प्रांत पंचायतीने द्यावी आणि तितकीच सरकारने, असा नियम होता; पेटी नेण्या-आणण्याचा खर्च खाते सोशी. ‘दरसाल’ ही अट घातल्यामुळेच ते खाते टिकले. पुढे १९७५–७६ मध्ये उपग्रहाद्वारे सुमारे २४०० गावांत दूरदर्शन पोचविण्याचा ‘साइट’ प्रयोग झाला, त्यात महाराष्ट्र नव्हता. परंतु जेथे वीज नव्हती अशा काही गावी संच बॅटरीवर चालविले गेले आणि संच बिघडला तर दुरुस्तीस माणूस पोचावा म्हणून दुरुस्तीची केंद्रे आधीच उभारली होती. आजचे उदाहरण हवे असेल तर केरळ पाहावे. तेथे २००१ पासून शाळांच्या संगणकांचे काम एकाच संस्थेकडे चालत आले, मुक्त संगणकप्रणाली वापरून परवान्यांचा खर्च वाचविला गेला, शिक्षकांतूनच प्रशिक्षक घडविले गेले आणि बिघाडाची तक्रार नोंदवून तिचा पाठपुरावा करण्याची व्यवस्था बसविली गेली. आपल्याकडे त्याच काळात माध्यमिक शाळांना संगणक कक्ष दिले ते पाच वर्षांच्या कराराने; करार संपला, कंत्राटी संगणक शिक्षक घरी बसले, कक्षाला कुलूप लागले. त्या तरुण शिक्षकांपैकी काहीजण मी पाहिलेले आहेत. बिघडलेल्या दहा यंत्रांतून सहा चालती करण्याचे कसब त्यांच्या हाती होते, आणि त्यांना जाऊ देताना आपण काय घालवीत आहोत याचा हिशेब कोणी केला नाही. ते आज कोठे असतील, ही खंत मला आहे.

आता पुढील कार्य. वेळ थोडा उरला आहे, म्हणून मी केवळ निर्देश करतो. तपशील कार्यकारी मंडळाने ठरवावा. शाळांची वीजबिले मुख्याध्यापकाच्या हातून काढून जिल्ह्याच्या पातळीवर स्वतंत्र लेखाशीर्षातून परस्पर भरली जावीत, अशी मागणी आपण करावी. प्रत्येक तालुक्यास दुरुस्ती जाणणारा एक तरी कायम माणूस असावा. त्याचे वेतन, त्याचे वाहन यांविषयी जाणकारांची एक समिती नेमता येईल. निर्लेखनाचे अधिकार खालच्या पातळीवर यावेत. आपल्या सभासदांनी आपापल्या शाळेत गेल्या वर्षभरात वीज किती दिवस होती, बिल कोणी भरले आणि कोणत्या पैशातून भरले याची नोंद ठेवून ती मंडळाकडे पाठवावी. तिचा नमुना कसा असावा हे मी अद्याप ठरविलेले नाही.

एक गोष्ट मात्र मी ठरविली आहे. शिक्षण हक्क अधिनियमाच्या कलम २० प्रमाणे त्या कायद्याच्या अनुसूचीत भर घालण्यास संसदेत नवे विधेयक आणावे लागत नाही. केंद्र सरकारला ते अधिसूचनेने करता येते. तेव्हा शाळेस आवश्यक गोष्टींच्या यादीत ‘अखंड वीजपुरवठा व त्याच्या आवर्ती खर्चाची तरतूद’ एवढे शब्द घालावेत, अशी मागणी करणारा ठराव उद्या दुपारच्या खुल्या अधिवेशनात मी स्वतः मांडणार आहे. अध्यक्षाने ठराव मांडू नये असा संकेत असल्याचे काल रात्री काही मित्रांनी माझ्या निदर्शनास आणले. त्या वेळेपुरते हे आसन उपाध्यक्षांनी घ्यावे अशी मी त्यांना विनंती केली असून त्यांनी ती मान्य केली आहे. अनुमोदनासाठी डोंगरपट्टीतील एखाद्या एकशिक्षकी शाळेच्या गुरुजींनी किंवा बाईंनी आपले नाव सायंकाळपर्यंत चिटणिसांकडे द्यावे.